‘आज विमान उडणार नाही’

हैदराबादच्या आबिड्समधल्या आमच्या घराच्या गच्चीवरून बेगमपेटला उतरणारी विमानं दिसायची. विमानतळ जेमतेम आठ किलोमीटरवर. दुपारी पापड वाळत घालताना आई आवाजावरून सांगायची, मुंबईचं आलं. २३ मार्च २००८ ला शमशाबादचा नवा विमानतळ सुरू झाला, प्रवासी विमानं तिकडे गेली आणि आमचं आकाश एकदम मुकं झालं. तेव्हापासून बेगमपेटला मुख्यतः लष्कराची, सरकारी पाहुण्यांची आणि शिकाऊ वैमानिकांची विमानं उतरतात. एखादं छोटं विमान घरावरून गेलं की अजूनही मान वर जाते. ते विमान कुणाचं असतं, भाड्यानं कसं मिळतं, भाड्यानं देणारा खरा कोण, हे मला कधी समजून घ्यावं लागेल असं मात्र वाटलं नव्हतं. अशा गोष्टी बंजारा हिल्सच्या माणसांच्या, आपल्या नव्हेत.

मग एका ऑक्टोबरात नांदेडहून मामेभावाचा फोन आला. थोरल्या मामांच्या फुप्फुसात संसर्ग पसरला होता आणि डॉक्टर म्हणत होते, हैदराबादला हलवा. मराठवाड्यातल्या माणसांना हा शब्द नवा नाही. नांदेड, परभणी, हिंगोलीकडच्या कित्येक घरांचं मोठं दुखणं मुंबई-पुण्याऐवजी हैदराबादकडे येतं. भाऊ म्हणाला, ‘‘दादा, विमानानं नेता येईल का? पैशाचं बघू आम्ही. तू तिथं चौकशी कर.’’ रात्रीचे नऊ वाजले होते. त्या रात्री मी जे शिकलो आणि नंतर वर्षभर वाचून, विचारून जे पक्कं केलं, ते इथं लिहितो आहे. खासगी विमान हा श्रीमंतांचा षौक खराच. पण एअर अँब्युलन्स, केदारनाथचं हेलिकॉप्टर, किंवा चार उद्योजकांनी मिळून घेतलेलं विमान, या वाटांनी विमान निवडण्याचा प्रश्न मध्यमवर्गाच्याही दारात येतो. आणि येतो तेव्हा बहुधा विचाराला वेळ नसतो.

सगळ्यात आधी कळलं ते हे, की फोनवर आपल्याशी बोलणाऱ्याकडे बहुतेक वेळा विमान नसतंच. तो ब्रोकर असतो. त्यात गैर काही नाही. चांगला ब्रोकर दहा ठिकाणी विचारून योग्य विमान शोधून देतो. पण उड्डाणाची कायदेशीर जबाबदारी त्याची नसते. ती असते ऑपरेटरची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, ज्याला सगळे डीजीसीए म्हणतात, परवाना ज्याच्याकडे आहे त्याची. ठरावीक वेळापत्रकाशिवाय भाड्यानं विमान चालवण्याचा हा परवाना वेगळा असतो आणि या धंद्यातली माणसं त्याला ‘एनएसओपी’ म्हणतात. परवानाधारकांची यादी डीजीसीए आपल्या संकेतस्थळावर ठेवतं. म्हणून पहिला प्रश्न भावाचा नव्हे, नावाचा: विमान कोण उडवणार, आणि त्याचा नोंदणी क्रमांक काय? भारतातल्या प्रत्येक विमानाच्या अंगावर ‘व्हीटी’पासून सुरू होणारी पाच अक्षरं असतात. ती अक्षरं सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी पुढचं बोलूच नये.

त्या रात्री मला दुसऱ्याच फोनला एक ‘स्वस्त’ विमान सापडलं. ब्रोकर म्हणाला, एका कंपनीचं स्वतःचं विमान आहे, मालक ओळखीचा आहे, पैसे रोख द्या, बिल दुसऱ्या नावानं करू. मला तेव्हा त्यात फक्त स्वस्ताई दिसली. नंतर अर्थ कळला. विमानाची नोंद खासगी वापरासाठी झालेली असेल तर त्यातून भाडं घेऊन कुणाला नेता येत नाही. भाड्याच्या विमानाला, त्याच्या वैमानिकांच्या कामाच्या तासांना, देखभालीला वेगळे आणि कडक नियम लागतात. खासगी विमान चोरून भाड्यानं दिलं की ते सगळे नियम गळून पडतात. अपघात झालाच तर विमा कंपनी हात वर करू शकते. ही पळवाट का निघते, याचं एक कारण करात आहे. व्यावसायिक वाहतुकीसाठी आणलेल्या विमानाला सवलती मिळतात, तर खासगी वापराच्या विमानावर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचा ४० टक्क्यांचा दर लागला. एवढं महाग विमान हँगरमध्ये नुसतं उभं ठेवणं मालकाला परवडत नाही. मग ओळखीतून ‘देऊन टाकण्याचा’ मोह होतो.

हा मोह कुठे नेतो याचं उदाहरण फुटबॉल पाहणाऱ्यांना आठवत असेल. जानेवारी २०१९ मध्ये अर्जेंटिनाचा खेळाडू एमिलियानो साला फ्रान्समधल्या नांतहून कार्डिफला निघाला आणि त्याचं एक इंजिनाचं छोटं विमान इंग्लिश खाडीत कोसळलं. वैमानिकाला भाड्यानं प्रवासी नेण्याचा परवाना नव्हता, रात्री उडवण्याची पात्रताही नव्हती. उड्डाणाची व्यवस्था करणाऱ्याला २०२१ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयानं १८ महिन्यांची शिक्षा दिली. कोट्यवधींचा करार झालेला खेळाडू, आणि त्याचं विमान ठरलं ओळखीपाळखीतून.

आता किमतीकडे येऊ, कारण इथं सगळ्यांची फसगत होते. सांगितला जातो तासाचा दर. पण तास कुठून मोजायचा? मामांचं उदाहरण घ्या. नांदेड ते हैदराबाद हवेतलं अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बीचक्राफ्ट किंग एअरसारख्या दोन इंजिनांच्या टर्बोप्रॉप विमानाला चाळीस मिनिटं. समजा दर तासाला दीड लाख आहे. चाळीस मिनिटांचे एक लाख, असा हिशेब मी मनात करून टाकला. पण ते विमान राहतं मुंबईत. ते आधी रिकामं नांदेडला येणार, सव्वा तासाच्या आतबाहेर. मग मामांना घेऊन हैदराबादला. मग रिकामं परत मुंबईला, अजून एक तास वीस मिनिटं. एकूण सुमारे सव्वातीन तास, म्हणजे पाच लाखांच्या आसपास. त्यावर कर, विमानतळाचे आकार, डॉक्टर-नर्सचे पैसे. मामा विमानात चाळीस मिनिटं, आम्ही पैसे देणार सव्वातीन तासांचे. यात फसवणूक नाही. विमानाचं घर कुठं आहे यावर किंमत ठरते, एवढंच. म्हणून ‘तासाला किती’ असं न विचारता ‘विमान आता कुठं उभं आहे आणि घरी परत जाईपर्यंत सगळं मिळून किती’ असं विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. वैमानिकांचा मुक्काम पडला तर काय, थांबून राहण्याचा आकार काय, रद्द केलं तर किती परत, हेही त्याच कागदावर हवं.

हीच रिकामी फेरी उलट बाजूनं फायद्याची ठरते. कुणाला मुंबईला सोडून विमान रिकामं हैदराबादला परतणार असेल, तर ती फेरी पुष्कळ स्वस्तात विकतात. लग्नाच्या वऱ्हाडाला, सहलीला ठीक. पण मूळ गिऱ्हाइकानं बेत बदलला की तुमची फेरीही गेली. ज्याला ठरल्या वेळी पोचायचंच आहे त्यानं तिच्यावर भिस्त ठेवू नये.

आणि वेळ? रस्त्यानं नांदेड-हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटर, रात्री पाच-साडेपाच तास. विमानात स्ट्रेचर बसवण्यासाठी खुर्च्या काढायच्या, वैमानिक आणि डॉक्टर गोळा करायचे, विमानतळ उघडा आहे का पाहायचं, उड्डाणाची परवानगी घ्यायची, मग मुंबईहून यायचं. दोन्ही टोकांना पुन्हा रस्त्यावरची अँब्युलन्स लागतेच, आणि शमशाबाद शहरापासून चांगलंच लांब आहे. पलंगापासून पलंगापर्यंतचा वेळ मोजला तर एवढ्या अंतरात विमान रस्त्याच्या फार पुढे जात नाही. चेन्नई किंवा दिल्ली असती तर गोष्ट वेगळी. हे मला त्या रात्री एकाही ब्रोकरनं सांगितलं नाही. सांगितलं ते एका ऑपरेटरच्या ड्यूटीवरच्या माणसानं, आणि तेही स्वतःचं गिऱ्हाईक जात असताना.

रुग्णाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घरच्यांना ठाऊक हवी. विमानाच्या केबिनमध्ये जमिनीवरचा हवेचा दाब नसतो. साधारण आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा तेवढाच असतो. तिथं प्राणवायू विरळ आणि अडकलेली हवा सुमारे एकतृतीयांशानं फुगते. छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठली असेल तर ती आधी नळी घालून काढावी लागते. तेव्हा रुग्ण उडण्याजोगा आहे का, हे आधीच्या आणि नेणाऱ्या अशा दोन्ही डॉक्टरांनी बोलून ठरवायचं असतं. ‘कागद नंतर बघू’ म्हणणारी सेवा नको.

नांदेड, लातूरसारख्या गावांच्या बाबतीत धावपट्टीही बघावी लागते. भाड्याच्या जेटला उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत थांबता आलं पाहिजे आणि टर्बोप्रॉपला ७० टक्क्यांत, असा जगभर रूढ हिशेब आहे. म्हणून मोठं, चकचकीत जेट प्रत्येक गावी उतरत नाही, आणि पंख्याचं म्हणून ज्याकडे आपण नाक मुरडतो ते टर्बोप्रॉप बिनबोभाट उतरतं. रात्रीचे दिवे नसलेल्या धावपट्ट्या तर सूर्यास्तानंतर सगळ्यांनाच बंद.

आता थोडं अंशमालकीबद्दल. ही कल्पना आपल्या लोकांना फ्लॅटच्या टाइमशेअरमुळे समजायला सोपी. १९८६ मध्ये अमेरिकेत रिचर्ड सँटुली यांनी नेटजेट्सची योजना काढली. एका विमानाचे सोळा भाग करायचे, एक भाग घेणाऱ्याला वर्षाला ५० तास उडता येईल. तुमचं ते विमान दुसरीकडे असेल तर त्याच जातीचं दुसरं पाठवायचं. गणितज्ञाची युक्ती होती ती, आणि सँटुली खरोखर गणिताचेच होते. वॉरन बफे आधी तिचे गिऱ्हाईक झाले आणि १९९८ मध्ये त्यांच्या बर्कशायर हॅथवेनं कंपनीच ७२ कोटी ५० लाख डॉलरना घेतली. भागीदाराला तीन खर्च असतात: भाग विकत घेण्याचा, दरमहा सांभाळण्याचा, आणि उडालेल्या तासांचा. वर्षाला पंचवीस-तीस तासच उडणार असाल तर चार्टर, म्हणजे भाड्याचं विमान, बरं; पन्नासच्या पुढे दोनेकशे तासांपर्यंत अंशमालकी, त्याहूनही पुष्कळ जास्त असेल तरच स्वतःचं विमान, असा ढोबळ ठोकताळा या व्यवसायात सांगतात.

पण ही युक्ती चालते ती शेकडो एकसारखी विमानं असतील तेव्हा. भारतात दिल्लीच्या क्लब वन एअरनं २००० च्या दशकातच हा प्रयोग केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनंही परवानाधारक ऑपरेटरांमार्फत अंशमालकीचं धोरण पुढे आणलं. माझं मत असं, की ताफ्यात एकाच जातीची दोन-तीनच विमानं असलेल्या कंपनीचा सोळावा भाग घेणं म्हणजे विमानाचा भाग घेणं नव्हे, रांगेतला नंबर घेणं. दिवाळीच्या आदल्या दिवशी सोळाही भागीदारांना विमान हवं असतं. तेव्हा करारात बघावं: किती तास आधी सांगितलं की विमान मिळेलच, न मिळाल्यास कंपनी स्वखर्चानं दुसरं देणार का, गर्दीचे दिवस कोणते. आणि पाच वर्षांनी भाग परत घेताना किंमत कोण ठरवणार? विमान जुनं होतं, घरासारखं वाढत नाही.

भागीदारीतलं विमान हैदराबादला मात्र नवीन नाही. १९४५ मध्ये इथं डेक्कन एअरवेज निघाली. तिच्यात निजाम सरकारचा वाटा ७१ टक्के आणि टाटांचा २९. मुख्यालय बेगमपेट. देशातल्या पहिल्या व्यावसायिक महिला वैमानिक प्रेम माथुर यांना आठ कंपन्यांनी नकार दिल्यावर नोकरी दिली ती या डेक्कन एअरवेजनं. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. आमच्या आबिड्सचं नाव ज्यावरून पडलं ते आल्बर्ट आबिदचं दुकानही निजामाच्याच छायेतलं. सहाव्या निजामाच्या सेवेतला हा आर्मेनियन गृहस्थ. त्या चौकात जगभरचा माल तो दुसऱ्यांसाठी निवडून आणायचा. कापड निवडताना चुकलं तर बदलून आणता येतं.

विमानात तसं नाही, आणि म्हणून सुरक्षिततेच्या मूळ मुद्द्याकडे येतो. गेल्या पंचवीसेक वर्षांतले आपल्या ओळखीचे अपघात आठवा. ३० सप्टेंबर २००१: माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला निघाले, उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ त्यांचं किंग एअर कोसळलं, आठ जण गेले. ३ मार्च २००२: लोकसभेचे सभापती बालयोगी यांचं हेलिकॉप्टर आंध्रच्या कृष्णा जिल्ह्यात खराब हवेत पडलं. २ सप्टेंबर २००९ तर आम्ही हैदराबादकर विसरूच शकत नाही. मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी सकाळी बेगमपेटहून चित्तूरच्या कार्यक्रमाला निघाले आणि नल्लमलाच्या जंगलावर संपर्क तुटला. दिवसभर आणि रात्रभर शहर टीव्हीसमोर बसलं होतं. आबिड्सच्या दुकानांत रेडिओ लावून माणसं उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अवशेष सापडले. हेलिकॉप्टर सरकारी, दोन इंजिनांचं बेल ४३०, वैमानिक दोन. म्हणजे कागदावर कमी काही नव्हतं. चौकशीत दिसलं ते हे, की हवामान बिघडलेलं असताना मार्ग न बदलता ते पुढे गेले आणि तेलाच्या दाबाच्या इशाऱ्यात वैमानिकांचं लक्ष गुंतलं.

कॅलिफोर्नियात २६ जानेवारी २०२० ला बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट आणि आणखी आठ जण गेले, तेव्हा अमेरिकेच्या तपास यंत्रणेनं आणखी स्पष्ट लिहिलं. वैमानिक ढगात शिरत गेला, कारण आपल्या मोठ्या गिऱ्हाइकाला वेळेवर पोचवायचं हा दबाव त्यानं स्वतःच स्वतःवर घेतला होता, आणि कंपनीची देखरेख अपुरी होती. ब्रायंटनं त्याला घाई केली होती असं दिसलं नाही. कुणी काही म्हणालं नाही तरी दबाव असतो. मोठा माणूस मागे बसला की तो असतो, आणि आजारी माणूस मागे झोपला की त्याहून जास्त.

१५ जून २०२५ च्या पहाटे केदारनाथहून परतणारं बेल ४०७ गौरीकुंडजवळ पडलं. सात जण गेले. त्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं जोडपं आणि त्यांची दोन वर्षांचीही न झालेली मुलगी होती. त्या उड्डाणाला सकाळी सहानंतरची वेळ दिलेली होती आणि ते त्याआधीच, ढगाळ हवेत निघालं, असं गुन्हा नोंदवताना म्हटलं गेलं. त्या जोडप्यानं काय विचारायला हवं होतं? त्यांच्या हाती होतं एक तिकीट. म्हणून यात्रेच्या हेलिकॉप्टरचा भार प्रवाशावर टाकणं मला पटत नाही. तिथं नियंत्रण सरकारचंच हवं. पण जिथं आपण स्वतः ऑपरेटर निवडतो, तिथं एक प्रश्न आपल्या हातात असतो, आणि आता मी सगळ्यांना तोच आधी विचारायला सांगतो: ‘गेल्या वर्षात तुम्ही हवामानासाठी किती उड्डाणं रद्द केलीत, आणि रद्द करायचं कोण ठरवतं?’ चांगली कंपनी याचं उत्तर चटकन देते. वैमानिकानं नाही म्हटलं की विषय संपला, विक्रीचा माणूस त्याला फोन करू शकत नाही, असं जिथं ऐकू येईल तिथं थांबावं. दोन वैमानिक आहेत ना, त्या जातीच्या विमानावर त्यांचा अनुभव किती, काल ते किती वाजेपर्यंत ड्यूटीवर होते, हे त्याच ओघात विचारता येतं. आर्गस, वायव्हर्न अशा बाहेरच्या संस्थांकडून तपासणी करून घेणारे ऑपरेटर असतात. ते प्रमाणपत्र मागावं, मात्र तेवढ्यावर विसंबू नये.

त्या रात्री नांदेड-लातूरकडे परतीच्या पावसाचे ढग उभे होते. तीन ब्रोकर म्हणाले, होऊन जाईल, आगाऊ रक्कम टाका. मुंबईच्या एका ऑपरेटरला मी पैसे पाठवले, आणि साडेअकराला त्यांच्या ड्यूटीवरच्या माणसाचा फोन आला. ‘‘साहेब, रडारवर वादळी ढग आहेत. आमचे कॅप्टन आज रात्री जाणार नाहीत. सकाळी सहाला पुन्हा बघू. पण पेशंट थांबण्यासारखा नसेल तर आमची वाट बघू नका. डॉक्टर बरोबर घेऊन रस्त्यानं काढा.’’ मी त्याच्यावर चिडलो. आवाज चढवला, जास्त पैसे देऊ म्हणालो. तो शांतपणे ‘नाही’ म्हणत राहिला.

भावानं मामांना बारा वाजता व्हेंटिलेटरच्या अँब्युलन्समध्ये घातलं. बिलोली, बोधन, कामारेड्डी करत, भर पावसात, ती साडेपाचला हैदराबादच्या रुग्णालयात पोचली. मी दारातच उभा होतो. मामांच्या पायावर कुणीतरी मामींची नऊवारी साडी पांघरली होती.

साडेसहाला ऑपरेटरचा फोन आला. आकाश मोकळं झालंय, विमान तयार आहे, काढू का? मी सांगितलं, मामा इथं पोचले, आत घेतलंय त्यांना. पलीकडून तो माणूस म्हणाला, ‘‘बरं झालं, साहेब.’’ दुपारपर्यंत आगाऊ रक्कम पूर्ण परत आली. मामा एकोणीस दिवसांनी घरी गेले.